पेढा खाल्लेला स्टिरिओ

वयनी, सुरुवातीलाच कबूल करते, म्हणजे पुढचं लिहिताना तू वरून खाकरायला नको. पास्कल अंकलच्या त्या लाल गाडीच्या स्टिरिओला दसऱ्याच्या दिवशी पेढा मी भरवला होता. उंदराने नाही. उंदीर पेढा पळवतो, आणून ठेवत नाही, हे तू मला तेव्हाच ऐकवलं होतंस. तरी पुढे कितीतरी वर्षं नातेवाइकांत मी बिचाऱ्या उंदराचंच नाव घेत राहिले, आणि तू माझ्याकडे बघून चहा ढवळत राहायचीस.

आता माझीही बाजू ऐक. मी नवी सून, तुझी धाकटी जाऊ. सासरचा पहिला दसरा. जोगेश्वरीच्या आपल्या घरापुढे पत्र्याखाली गॅरेज, आणि गॅरेजात सतरंजीवर ओळीने मांडलेली हत्यारं: पाने, पकडी, हातोडे, करवत, बॅटरीचं पाणी तपासायची काचेची नळी. आईंनी माझ्या हातात तबक दिलं. हळद-कुंकू, फूल, अक्षता आणि प्रत्येकापुढे पेढ्याचा तुकडा. माझ्या अंगात त्या दिवशी भक्ती नुसती उतू जात होती. पंक्चरच्या सोल्युशनच्या ट्यूबलाही मी कुंकू लावलं. मग गाडीची पूजा. बॉनेटवर स्वस्तिक, स्टिअरिंगला बोट, सीटवर झेंडू. आणि समोर तो स्टिरिओ. बाकी सगळ्यांच्या पुढ्यात पेढा ठेवायचा, कारण त्यांना तोंड नव्हतं. ह्याला होतं! चांगलं आडवं, रुंद, वर बारीकशी झडप. मी बोटाने झडप ढकलली, अर्धा पेढा आत सारला, मागून अक्षता टाकल्या. झडप आपोआप मिटली तेव्हा मला वाटलं, गिळला. हात जोडले गं मी त्याला.

अशी मी. आणि हिला मुंबईत आणून संसार करायला लावला!

परवा तुझं तेरावं झालं. लोक चांगलं बोलले. मायाळू होती, कष्टाळू होती, कुणाला दुखावलं नाही. हे शेवटचं ऐकून मी पदर तोंडाला लावला, लोकांना वाटलं रडतेय. तू कुणाला दुखावलं नाहीस? हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्या नर्सबाईला म्हणालीस, "सिस्टर, तुमच्या ह्या मशीनचा स्पीकर फाटलाय. एवढा महागडा बेड आणि आवाज पिपाणीचा." तिने तोंड वाकडं केलं. संध्याकाळी माणूस येऊन ते मशीन बदलून घेऊन गेला, आणि तू मला डोळा मारलास. नाकात नळी, हाताला सुई, आणि डोळा मारते बाई! मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, आता बरी होणार. मी नेहमीच अशी चुकते.

फोटो लावलाय तो मला अजिबात पसंत नाही. त्यात तुझा चेहरा कुणीतरी तुझा स्क्रू-ड्रायव्हर ढापल्यासारखा आलाय. पण राहू दे.

गाडी आली तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मढला बंगला असलेले पास्कल अंकल, शूटिंगवाल्यांना बंगला भाड्याने द्यायचे, आणि बंगल्याबरोबर पोर्चमधली ही गाडीही. परदेशातून कुणीतरी आणलेली, दहा-बारा वर्षांची, दोनच दारं, लाल भडक आणि इतकी बुटकी की मी आईंना विचारलं, "हिच्यावर काय पडलं?" आई म्हणाल्या, "गप ऱ्हव गो. तशीच असता ती." त्यांनाही माहीत नव्हतं, पण सासूने ठाऊक नाही म्हणायचं नसतं.

पास्कल अंकलने आतूनच बटण फिरवलं. डावीकडून काहीच नाही. उजवीकडून कुणी घशात पाणी धरून गावं तसं.

"कंपनीचा हाय," अंकल म्हणाले. "गाडीसंगती आलेला, ओरिजनल. होत असंल तर ह्योच वाजवा. नाय होत तर बदला. पन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी पायजे. शूटिंगचे लोक येनार, तो हिरो शॉट नसला की गाडीत बसून गानी ऐकतो. गप बसवत नाय त्याला."

भावोजी आणि आमचे हे दोघंही बॉनेट उघडून उभे होते. स्टिरिओ बॉनेटमध्ये नसतो, पण पुरुषांना आधी बॉनेट उघडावंच लागतं. तू पाण्याचा तांब्या घेऊन आलीस, खिडकीशी वाकलीस आणि तशीच राहिलीस.

"बेल्ट सैल झालाय," तू म्हणालीस. "आणि डावीकडचा एक डाख सुटलाय."

भावोजी वळले. "आत चहा टाक."

"टाकते. पण बेल्ट सैल झालाय."

पास्कल अंकल हसले. भावोजींचे कान लाल झाले. आणि मी, बुद्धीचा सागर, मागून तुला विचारलं, "वयनी, गाडीला पण पट्टा असतो?"

तू लग्नाआधी अंधेरीला रेडिओच्या कारखान्यात होतीस हे मला ऐकून माहीत होतं, जसं कुणी शाळेत खो-खो खेळायची हे माहीत असतं. वाकोल्याहून रोज चालत-बसने जायचीस, लांबच लांब टेबलापाशी पन्नास मुलींबरोबर बसायचीस, पट्ट्यावरून रेडिओ पुढे सरकायचा आणि त्याला डाख द्यायचीस. डाख म्हणजे दोन तारा वितळलेल्या कथलाने जोडायच्या, एवढं मला तूच पुढे शिकवलंस. लग्न झालं, कारखाना सुटला. तेव्हापासून त्या हातांनी ह्या घरात भाकऱ्या थापल्या, मासे साफ केले, आणि माझ्यासारखं ध्यान सांभाळलं.

भावोजींनी बाजारातून नवीन टेप आणला. चकचकीत, दिव्यांचा. तो बसेना. जुन्याच्या दोन्ही बाजूंना बटणांची गोल भोकं आणि मध्ये तोंड, नव्याचा घाट निराळा. मग त्यांनी डॅशबोर्डाच्या त्या गुळगुळीत लाकडावर पेन्सिलने चौकोन आखला. इथपासून इथपर्यंत कापायचं. उद्या दसरा, हत्यार उचलायचं नाही. परवा सकाळी पूजा उतरवली की पहिली करवत.

त्या संध्याकाळी तू त्यांना विचारलंस. मी स्वयंपाकघरात नारळ खोवत होते, म्हणजे ऐकत होते.

"मला एकदा उघडून बघू द्या."

"आणि गिऱ्हाइकाला काय सांगू? बायकोने बघितला?"

"हो. तसंच सांगा."

"वेडी काय तू? गॅरेजात बाई बसवली म्हणून गॅरेजवाल्यांची अख्खी लाइन हसेल. आणि बिघडला अजून तर? कंपनीचा माल आहे तो."

"लाकूड कापलं की परत येत नाही. एकदा बघू द्या. नाही जमलं तर कापा."

"बस झालं."

तू आत आलीस आणि भाकरी थापायला बसलीस. वयनी, त्या रात्री शेजारचे विचारून गेले, काय ठोकताय म्हणून.

मला तेव्हा कळलं नव्हतं तुला काय हवं होतं. मला वाटलं, गाडीत बसायचंय. मला स्वतःला तेवढंच हवं होतं ना! तुला ते एकदा उघडायचं होतं, गं. आपल्याला अजून येतं की गेलं, एवढं एकदा बघायचं होतं. आणि ते बघण्याआधी परवा सकाळी करवत चालणार होती.

तर दसरा. जेवणं झाली, घारगे खाऊन सगळे आडवे झाले. उन्हं कलल्यावर भावोजी आणि हे आपट्याची पानं घेऊन सोनं वाटायला वाकोल्याला तुझ्या माहेरी गेले. आई आत कॉटवर झोपलेल्या. तू मोरीत भांडी घासतेस, मी विसळतेय. आणि मला सकाळपासून एक शंका खातेय.

"वयनी, एक विचारू? टेपला पेढा चालतो?"

"कुठल्या टेपला?"

"गाडीतल्या."

"पुढ्यात ठेवलास ना? मग काय होतंय."

"आत."

तुझा हात थांबला. "आत म्हणजे?"

"त्याला तोंड होतं म्हणून..."

"अख्खा?"

"अर्धा. अर्धा मी खाल्ला."

"अक्षता?"

"चिमूटभर. वयनी, उंदराने पण ठेवला असेल ना कदाचित?"

"वाट लावलीस यार," तू म्हणालीस.

मी डोळे मिटून घेतले, कारण थोबाडीत बसणार होती. बसली नाही. डोळे उघडले तर तू राखेचे हात तसेच धरून गॅरेजाच्या दाराकडे बघत होतीस. आणि तो चेहरा! तसा चेहरा मी पुढे एकदाच बघितला, तुझा नातू तुझ्या हातातून सुटून पहिली पावलं चालला तेव्हा.

"आता उघडायलाच लागेल," तू म्हणालीस.

इथे आपलं भांडण अजून बाकी आहे. मी म्हणते, तू खूश झाली होतीस. तू मरेपर्यंत म्हणत राहिलीस, "घाबरले होते गं, खूश कसली." ठीक आहे. तू उलटून बोलू शकत नाहीस हे मला पटायला वेळ लागेल, पण तोवर मी जिंकले असं धरते.

हत्यारं मात्र सगळी पूजेत. आईंचा नियम तुला माहीत, हळद लागलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी फूल उतरवेपर्यंत जागचं हलवायचं नाही. विळीलासुद्धा कुंकू लागलेलं, म्हणून भाजी पहाटेच चिरून ठेवली होती आपण.

"कशाने उघडणार?" मी विचारलं.

"सांडशी आण. आणि चार आण्याचं नाणं."

मी चाट. गरम पातेलं उतरवायच्या सांडशीने तू बटणांमागचे दोन नट फिरवलेस. नाण्याने खालचा पट्टीचा स्क्रू. मग हात डॅशबोर्डाखाली कोपरापर्यंत घातलास, डोळे छताकडे, आणि एकेक तार चाचपत सोडवलीस. प्रत्येक तार सोडवताना तिचा रंग मोठ्याने म्हणायचीस आणि मला म्हणायला लावायचीस. पिवळी, काळी, तपकिरी, लाल. मी स्तोत्रासारखं पाठ केलं. स्टिरिओ बाहेर आला तो लहान मुलासारखा तुझ्या ओच्यात.

मोरीशेजारी पाट टाकून तू बसलीस. तोपर्यंत मी कधीही कुठल्याच यंत्राचं पोट बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं, आत काळोख आणि वंगण असेल. तू वरचा पत्रा काढलास आणि आत, वयनी, आत गाव होतं. हिरवी पाटी, तिच्यावर रंगीत पट्ट्यांच्या इवल्या नळ्या, चकाकते रस्ते, आणि पाटी उलटी केलीस तर चांदीच्या टिकल्याच टिकल्या. पहाटे अळवाच्या पानावर पाणी असतं तशा. मी तोंड उघडं टाकून बघत बसले. तूही. तूसुद्धा लगेच हात लावला नाहीस हे मला आठवतं. पदराने हात परत पुसलेस.

मग तू बोट न टेकवता एका टिकलीवरून दुसरीवर फिरवलंस आणि म्हणालीस, "ही बाई डावखुरी आहे."

"कोण बाई?"

"जिने हे केलं ती. बघ ना, सगळे डाख डावीकडे कललेत. आमच्याकडे एक पमी होती, तिचे असेच पडायचे. सुपरवायझर लांबून ओळखायचा."

"पण परदेशातलं ना हे? बाईच कशावरून?"

"पुरुष दिवसभर एवढं बारीक काम करील? हात चांगला आहे हं. कथिल जास्त घालत नाही. हे बघ, हे, हे, हे... एकसारखे." तुझा आवाज बारीक झाला. "आणि इथे बघ. इथे दमली."

मी वाकून बघितलं. मला काही फरक दिसला नाही. मग तू पाटी उजेडाकडे तिरकी केलीस, आणि सगळ्या चमकणाऱ्या टिकल्यांत एक मंद दिसली, भोवती केसाएवढी काळी फट.

"हाच डावा आवाज," तू म्हणालीस. "कामाची पाळी संपत आली असेल. नाहीतर पोर तापाने घरी असेल. एक डाख कच्चा राहिला बाईचा, आणि इतकी वर्षं बिचारा धरून बसला."

मला आजही, हे लिहिताना, अंगावर काटा येतो. कुठे कोण ती बाई, तिचं नाव-गाव नाही, आणि तू जोगेश्वरीच्या मोरीत बसून तिची दमलेली दुपार वाचत होतीस. मी देवळं पुष्कळ बघितली. कळसाकडे बघताना मान दुखते इतकंच. त्या टिकल्यांकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की आपण फार लहान आहोत आणि ते बरंच आहे.

मग तू उठून ट्रंक उघडलीस. तळातून जुन्या परकरात गुंडाळलेलं काहीतरी काढलंस. लाकडी मुठीचं, टोकाला काळवंडलेलं. डाख द्यायचं आयर्न.

"वयनी, हत्यार! आज नाही चालत..."

"ह्याला कुठे हळद लागलीय?"

"नाही लागली?"

"कोण लावणार? घरात कुणाला माहीत आहे?"

तू हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाहीस. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत असं सांगावं तसं म्हणालीस आणि वायर खोचायला प्लग शोधू लागलीस.

पुढची सगळी लढाई घरातल्याच सामानावर. खराट्याचा हीर काढून त्याला समईच्या वातीचा कापूस गुंडाळलास, स्टो पेटवायच्या स्पिरिटमध्ये बुडवलास आणि माझा पेढा कणाकणाने काढलास. तूप चाकांच्या दातांत गेलेलं. कुंकवाने ते टेप वाचणारं बारीक तोंड रंगलेलं, पान खाल्ल्यासारखं. अक्षता तू केसांतल्या आकड्याने उचलत होतीस.

"किती टाकल्या होत्यास?"

"मोजून कोण टाकतं?"

"मग सगळ्या निघाल्या हे मला कसं कळणार, शहाणे?"

"वयनी, देवाला विचारू या?"

"तू आता देवाचं नाव काढू नको. पातेल्यात पाणी ठेव उकळायला."

रबराचा तो बेल्ट, बांगडीएवढा, बारीक, सैल पडलेला, तू उकळत्या पाण्यात सोडलास. जुनं रबर उकळलं की थोडं आवळतं म्हणे. चहाचं पातेलं होतं ते. आतून आई जाग्या झाल्या. "चाय टाकलंस काय गो?"

"टाकतंय!" मी ओरडले, आणि सवयीने साखरेच्या डब्याला हात घातला. तू माझं मनगट धरलंस. आपण दोघी आवाज न करता इतक्या हसलो की मला पोटात कळ आली.

त्यानंतर तू हसली नाहीस. आयर्न तापलं, कथलाचा धूर सरळ वर गेला, आणि तू श्वास धरलास. तो एक डाख. टोक टेकलं, चांदीचा थेंब क्षणभर पाण्यासारखा हलला आणि थिजला. इतकंच. भाकरी थापताना तुझे खांदे वर असायचे, नेहमी. त्या वेळी ते खाली आलेले मी बघितले.

मी आयुष्यभर तुला म्हणत राहिले, "फेक ना ते, नवीन घे." मिक्सरच्या वेळी म्हटलं, टीव्हीच्या वेळी, तुझ्या त्या भयंकर घड्याळाच्या वेळी. माझे गुडघे बदलले तेव्हा तू भेटायला आलीस आणि डॉक्टरांना विचारलंस, "जुने उघडून बघितले होते का नीट?" तेही भांडण बाकीच आहे. पण खरं सांगू? नवीन आणायचं म्हणताना मला दर वेळी ती मोरी आठवायची, आणि मी मुद्दाम म्हणायचे. तू "थांब, बघू दे" म्हणावंस म्हणून. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू शेफारली असतीस.

दिवेलागणीला तू स्टिरिओ जागेवर बसवलास. पिवळी, काळी, तपकिरी, लाल, मी म्हटलं, तू जोडलंस. तू स्टिअरिंगमागे, मी शेजारी, दोघींचे पाय कुठे ठेवायचे कळत नाही इतकी ती गाडी जमिनीला टेकलेली. पास्कल अंकलची एक कॅसेट खणात होती. तू ती आत सारलीस आणि माझ्याकडे बघितलंस.

"वाजला नाही तर?" मी म्हटलं.

"तर उद्या करवत."

आधी नुसती सळसळ. मग डावीकडून व्हायोलिनं आली. मग उजवीकडून ढोल. मी गावाहून आलेली, माझ्यासाठी गाणं म्हणजे एका डब्यातून येणारी गोष्ट. इथे डबाच नव्हता. आणि मग एक बाई गाऊ लागली, परक्या भाषेत, आणि ती डावीकडे नव्हती, उजवीकडेही नव्हती. ती आपल्या दोघींच्या मधे होती. तिथे गिअरचा दांडा होता, वयनी! मी हात घालून बघितला. कुणी नाही. हात काढला, तर बाई तिथेच गातेय. मला रडू आलं आणि ते का हे मला तेव्हा कळलं नाही, आता थोडं कळतं. तू डोळे मिटून बसली होतीस. बोटं मांडीवर, अगदी शांत.

तेवढ्यात फाटक वाजलं. भावोजी आणि हे, हातात उरलेली आपट्याची पानं.

"कुणी उघडला हा?" भावोजींनी गाणं संपेपर्यंतही दम धरला नाही. "सणाच्या दिवशी पूजेतलं हत्यार उचललंत? आई! ओ आई, बघा हिने काय केलंय!"

एवढा थोराड माणूस, पण आईला हाक.

तू गाडीतून उतरलीस. उतरताना पदर दारात अडकला तो शांतपणे सोडवलास. "तुमच्या एकाही हत्याराला हात लावला नाही. जाऊन बघा. हळद जागची हललेली नाही."

ते खरंच बघायला गेले. सतरंजीपाशी वाकून एकेक पाना तपासला. परत आले ते आवाज खाली आणून. "मग डाख कशाने दिला?"

तू आयर्न पुढे केलंस.

"हे कुणाचं?"

"माझं."

"कधी घेतलंस?"

"तुमच्या आधी."

आमचे हे हसले आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"आणि उघडलासच कशाला? नको म्हटलं होतं ना मी?"

आता पेढ्याची गोष्ट बाहेर येणार. आता आई माझं गाठोडं बांधून गावाला धाडणार. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस.

"डावा आवाज येत नव्हता म्हणून," तू म्हणालीस. "आता येतो."

एवढ्यात आई पायरी उतरून आल्या होत्या. गाडीपाशी गेल्या, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि खिडकीतून डोकं आत घातलं. आतली बाई गात होती. आई तशाच वाकून राहिल्या. इतका वेळ की भावोजी पुढे झाले, त्यांना वाटलं कंबर धरली.

"ती बाई खंय बसलीहा?" आईंनी आतूनच विचारलं.

"कुठेच नाही, आई," तू म्हणालीस. "दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी येते. मधे पुरी होते."

आईंनी डोकं बाहेर काढलं. तुझ्यासमोर येऊन हात पुढे केला. तू आयर्न त्यांच्या हातात दिलंस, आणि वयनी, तेव्हा तुझा चेहरा मला बघवेना. मला वाटलं, गेलं ते. आता परत ट्रंकेत, नाहीतर थेट भंगारात. आईंनी लाकडी मूठ उलटी केली, सुलटी केली. तुझ्या बोटांनी ती एका बाजूला झिजली होती, तिथे त्यांचा अंगठा थांबला. भावोजी काहीतरी बोलायला गेले, आईंनी त्यांच्याकडे मान वळवली नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"उभी काय रवलंस गो? हळद-कुंकू घेवन ये. एक हत्यार पूजेचा रवला."